आधी आरंभबिंदू सांगा!

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत काही खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोणत्या खुर्चीवर कोणाचा वडिलोपार्जित हक्क आहे हे मला ठाऊक नव्हतं. नव्या सुनेसारखी मी दारातच घुटमळत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, तीन, दोनवर बसा. ती मोकळी हाय."

मी आवाजाच्या दिशेने पाहिलं. एक उंच, किडकिडीत गृहस्थ चहा बशीत ओतत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी खुलासा केला, "दारापासनं मोजायचं. तीन उजवीकडं, दोन आत. दार म्हंजे आरंभबिंदू."

मी मराठी शिकवणारी. आकड्यांशी माझं वैर जुनं आहे. तरी मोजत गेले आणि मुकाट्याने बसले. खुर्चीचा एक पाय आखूड निघाला. आरंभबिंदूपासून सगळं सांगणाऱ्या माणसाने तेवढं मात्र सांगितलं नव्हतं.

हे गर्जे सर. नववी-दहावीला गणित शिकवायचे. मूळचे पाथर्डीकडचे, कोरडवाहू मुलखातले. नोकरीपायी इकडे प्रवरेकाठी, कोल्हारजवळच्या आमच्या गावात आले आणि उसाच्या मुलखात मुरले, पण बोलणं तिकडचंच राहिलं. अंगात पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात रंगीत खडू. त्यामुळे खिसा कायम गुलाबी. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "ह्यांचे सदरे मी धूत नाही. नुसते भिजवते आणि त्यांची समजूत काढते."

गणितात धडे पुष्कळ असतात, पण सरांचा जीव एकाच धड्यात होता: निर्देशक भूमिती. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, दोन्ही छेदतात तो आरंभबिंदू. तिथून उजवीकडे किती आणि वर किती एवढं सांगितलं की जगातली कुठलीही वस्तू सापडते असा त्यांचा दावा होता. वर्गात मुलांना नावंच नव्हती. पहिल्या रांगेतला पहिला बाक म्हणजे एक, एक. शंका विचारायची तर आधी आपला बिंदू सांगायचा, मग तोंड उघडायचं. नव्या मुलाला चार दिवस विचित्र वाटे. पाचव्या दिवशी तो घरी जाऊन आईला विचारी, "डबा कुठल्या बिंदूवर ठेवलाय?"

आणि त्यांचा तो प्रश्न! कोणीही तावातावाने काही सांगायला लागलं की सर मान तिरकी करून म्हणायचे, "आधी आरंभबिंदू सांगा. कुठनं मोजताय?" पगारवाढीपासून सुनेच्या तक्रारीपर्यंत सगळ्याला हे एकच औषध. एकदा आमचे इंग्रजीचे आणि विज्ञानाचे सर रुसले. इंग्रजीचे म्हणत, त्यांनी यावं. विज्ञानाचे म्हणत, यांनी यावं. गर्जे सर मध्ये पडले. "अंतराचं सूत्र काय सांगतं? तुमच्यापासनं त्यांच्यापत्तुर जेवढं, तेवढंच त्यांच्यापासनं तुमच्यापत्तुर. वर्ग केला का उणंबिणं सगळं जातं. तवा कोनीबी निघा, चालणं तेवढंच पडतंय." दोघांनाही हसू आलं आणि चहा विज्ञानाच्या सरांनी पाजला.

अंतराचं सूत्र ते शिकवायचेही रानातूनच. "बांधानं तीन चाललं, मग पाटाच्या कडंनं चार चाललं, तर घर येतं. सरळ रानातनं गेलं तर किती?" मुलं ओरडत, "पाच!" सर म्हणत, "बरोबर. पन ते पाच कोनाच्या कांद्यातनं जातंय ते आधी बघा. सूत्राला कांदा दिसत न्हाई, मालकाला दिसतो." हे उदाहरण गावातल्या पोरांना इतकं पटे की पायथागोरसला त्यांनी शेजारचा शेतकरी समजायचंच बाकी ठेवलं होतं.

या वेडापायी फजितीही व्हायची. घोडेगावच्या बाजारात ते मेहुण्याबरोबर गाय घ्यायला गेले होते. बाजार म्हणजे गर्दी, शिंगं आणि धुरळा. मेहुणे एकीकडे गाय बघत थांबले, सर दुसरीकडे. सरांनी मोबाईलवर सांगितलं, "तो निळा टेम्पो दिसतो का? तो आरंभबिंदू. तिथनं उजवीकडं वीस पावलं, पुढं दहा. या." मेहुणे निघाले आणि टेम्पोही निघाला. मालकाचा बैल विकला गेला होता, तो कशाला थांबेल? मेहुणे टेम्पोच्या मागे मागे पार रस्त्यापर्यंत गेले. ती गोष्ट सर स्वतःच सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "आरंभबिंदूला चाकं नसावीत, येवढं त्या दिशी शिकलो."

सव्वीस जानेवारीची होडी मात्र मी डोळ्यांनी पाहिली. मैदानावर मुलांनी ठरलेल्या बिंदूंवर उभं राहून होडीचा आकार करायचा आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम चार पावलं उजवीकडे, दोन पुढे जायचं. होडी जशीच्या तशी सरकायला हवी. सर सांगत, "आकृती सरकली तरी मोडत न्हाई. एकमेकातलं अंतर तेवढंच राहतं. फकस्त परत्येकानं सारखंच सरकायचं, येवढी अट." तालीम छान झाली. सर मुलांकडे तोंड करून उभे राहत आणि आपला उजवा हात उचलत. मुलं तो हात जाई तिकडे, म्हणजे खरं तर स्वतःच्या डावीकडे सरकत. ही गफलत कोणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळेच सारखे चुकत होते.

त्या दिवशी ऊन नको म्हणून पाहुण्यांचा मांडव मैदानाच्या दुसऱ्या बाजूला घातला. खेळाच्या सरांनी मुलांना पाहुण्यांकडे वळवून उभं केलं. शिट्टी झाली. निम्मी मुलं 'उजवीकडे' या शब्दाला जागली आणि निम्मी तालमीतल्या सवयीला. होडी मधोमध फाटली. पुढची बाजू मांडवात शिरली आणि पाहुण्यांच्या चहाच्या टेबलाला टेकली. सरपंचांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, होडी खडकावर आपटते असाच देखावा आहे.

आम्ही हसून हसून बेजार. सर हसले नाहीत. मुलांना गोळा करून म्हणाले, "चूक तुमची न्हाई. उजवीकडं म्हंजे कोनाच्या उजवीकडं, हे मी ठरवलं न्हाई. आजपासनं अक्ष तुमचा. तुमच्या हातानं मोजायचं, मी माझं उलटं करून घेईन." शिकवणारा माणूस आपला अक्ष सोडून मुलांच्या अक्षावर जातो, हे मी त्याआधी कुठे पाहिलं नव्हतं. मला सर तेव्हापासून फार आवडायला लागले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझ्या भाचीचं लग्न ठरलं. मी सरांच्या हातात पत्रिका दिली. त्यांनी ती उघडली, निरखली आणि म्हणाले, "झकास हाय पत्रिका. गणपती लई ग्वाड काढलाय."

पत्रिका उलटी होती. गणपती डोक्यावर उभा होता.

मी बोलले नाही, पण माझं गप्प राहणं त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी पत्रिकेवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "उलटी हाय का?"

"हो, सर."

"डोळ्याचा पडदा चाललाय बाई. नगरच्या डॉक्टरनी सांगितलंय. आधी कडा गेल्या, आता मधलंबी धुरकट. उजेड कळतो, मानूस उभा हाय येवढं कळतं. कोन हाय ते आवाजावरनं."

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. वह्या तपासताना ते अलीकडे मुलांनाच पायऱ्या मोठ्याने वाचायला लावत. स्कूटी काकू चालवत आणि सर मागे बसत. त्यावरून आम्ही त्यांना चिडवायचोही. आणि बिंदू सांगून बोलायची शिस्त? ती पूर्वी हौस होती. आता तिच्यावरच त्यांचा वर्ग चालत होता. आवाज 'तीन, चार' म्हणाला की सर बरोबर त्या बाकाकडे वळून बोलत. फळ्यावर हात पसरून वितीने मापं घेत आणि अक्ष काढत. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस रुबाबात शिकवतोय.

"मोठ्या बाईंना सांगितलंत?" मी विचारलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शिस्तीच्या आणि कमी बोलणाऱ्या.

"न्हाई. सांगितलं तर त्या मला ग्रंथालयात बसवतील. कपाटाच्या किल्ल्या देतील. नोकरी जात न्हाई बाई, फळा जातो." मग म्हणाले, "रिटायर व्हायला हा एक सालच राहिलाय. ही नववीतली पोरं मी दहावीत आणलीत. ह्यांना शेवटापत्तुर माझ्या हातानं न्यायचंय. येवढंच मागणं हाय."

मला त्यांचं म्हणणं पटलं आणि काळजीही वाटली. दहावीचं वर्ष म्हणजे काही होडी नव्हे, फाटली तर टाळ्या वाजवून भागणार नाही. मी गप्प राहिले, एवढं खरं. मुलांना हे सगळं माझ्या कितीतरी आधी कळलं होतं हे मला नंतर समजलं. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं: सर यायच्या आधी फळा स्वच्छ पुसायचा, दप्तरं वाटेत ठेवायची नाहीत आणि बाक जागचा हलवायचा नाही.

पण बाक हलले. आमच्या शिपायांनी, भिकाजीमामांनी, खिडकीकडच्या भिंतीला ओल आली म्हणून रंगाऱ्यासाठी सगळे बाक दाराकडे ओढून ठेवले. नेमकी त्याच दिवशी तपासणी. दोन पाहुणे आणि मोठ्या बाई दहावीच्या वर्गात मागे येऊन बसल्या. माझा तास नव्हता, म्हणून मी व्हरांड्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन उगीच रेंगाळत होते.

सर नेहमीच्या झोकात आत आले आणि जिथे मोकळी वाट असायची तिथे बाकाच्या कोपऱ्यावर मांडी आपटली. खडू खाली पडला. सर जागच्या जागी उभे, एक हात हवेत. मला वाटलं, संपलं आता.

मागून एक मुलगी उठली. प्रतीक्षा तिचं नाव, घरच्या म्हशींची कामं उरकून शाळेत यायची.

"तीन, चार," ती म्हणाली. "सर, आज सगळी आकृती दोन एकक उजवीकडं सरकलीय. आमच्या उजवीकडं."

सरांनी हात खाली घेतला. "वर-खाली?"

"वर-खाली काय न्हाई. शून्य."

"कोनी मागं राहिलंय का?"

"न्हाई सर," सगळा वर्ग म्हणाला. "सगळे सारखेच सरकलोत."

"मग काय बिघडलं न्हाई," सर म्हणाले आणि स्वतःच्या डावीकडे सरकून बरोबर मोकळ्या वाटेत उभे राहिले. "एक माझाच बिंदू मागं राहिला हुता, तोबी आला. आता सांगा, तीन, चार होतं ते कुठं गेलं?"

"पाच, चार!"

"आन् एक, एक?"

"तीन, एक!"

"दोघांतलं अंतर आधी किती, आता किती? काढा." वह्या उघडल्या. वजाबाकी, वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर आधीही वर्गमुळात तेरा आणि आताही वर्गमुळात तेरा. सर बाकांमधून फिरत राहिले, कुठेही न धडकता. पाहुण्यांतला एकजण मोठ्या बाईंच्या कानाशी लागून म्हणाला, "बाक मुद्दाम हलवून शिकवतायत! वा, याला म्हणतात कृतियुक्त अध्यापन." त्याने शेऱ्यातही ते लिहिलं. भिकाजीमामांचं कौतुक मात्र कोणी केलं नाही.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या खाली पडलेल्या खडूकडे बघत होत्या. तो सरांच्या येण्याजाण्याच्या वाटेतच होता आणि सरांनी तो उचलला नव्हता.

पाहुणे गेल्यावर सरांना बोलावणं आलं. "तुमीबी चला बाई," सर मला म्हणाले, "माझ्याच्यानं बोलवलं न्हाई तर दोन वाक्यं बोला. मराठीच्या हाव तुमी." पण बोलायची वेळ आली नाही. सरांनी सगळं स्वतःच सांगितलं, लपवाछपवी न करता. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं.

"सर, मुलांना कळलं, मराठीच्या बाईंना कळलं आणि मला शेवटी कळतंय."

"चुकलं, बाई."

"चुकलंच. दहावीचा वर्ग आहे. मी पालकांपासून हे लपवणार नाही. त्यांना बोलावते. ते हो म्हणाले तर फळा तुमचा. नाही म्हणाले तर ग्रंथालय. चालेल?"

"चालंल," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर त्यांनी आरंभबिंदूचं नावही काढलं नाही.

शनिवारी पालक जमले. बाया, बाप्ये, दोन-तीन आज्या. मोठ्या बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं, पेपर तपासायला गणिताच्या एक नव्या शिक्षिका मदत करतील हेही सांगितलं. सर खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, निकालाची वाट बघत बसलेल्या मुलासारखे. मग मागून एक फेटेवाले उठले.

"मला सरांचा लई राग हुता," ते म्हणाले. "दोन साल झालं, मी पाटावर रामराम घालतोय आन् सर सरळ निघून जात्यात. म्हनलं, मास्तर लई शेफारलाय. घरात बोललोबी. आता आज कळतंय, त्येंना दिसतच नव्हतं." त्यांनी फेटा सारखा केला. "ते वाईट वाटलं. बाकी शिकवन्याचं म्हनाल तर आमची प्रतीक्षा धार काढताना म्हशीला अंतराचं सूत्र सांगती. म्हैसबी आता गप उभी राहाती. सर हायेत तिथंच ठिवा."

हशा पिकला आणि त्या हशातच निकाल लागला. एका आजीने तर उठून सरांच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. सर उभे राहिले. फेटेवाल्यांचा आवाज आला होता त्या दिशेला वळून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "रामराम." दोन वर्षांचा तो रामराम होता.

वर्ष सरलं. उजेडही सरत गेला. दिवाळीनंतर सरांना 'मानूस उभा हाय' एवढंही कळेनासं झालं, पण तासाला ते कधी उशिरा आले नाहीत. मुलांनी आलेख कागद इतके भरले की नव्या शिक्षिका तपासून थकल्या.

दहावीच्या निरोपाच्या दिवशी सरांचा शेवटचा तास होता. आदला तास माझा. मी फळाभर म्हणी लिहिल्या होत्या. तेवढ्यात बाहेर मांडवात पताका लावायला मुलांना बोलावलं, सगळी धावली, पताका लावून धापा टाकत परत आली आणि त्या गडबडीत फळा पुसायचा राहिला. माझी उन्हाची छत्री वर्गात राहिली म्हणून मी मागे फिरले, तर सर आत शिरलेले आणि खडू हातात.

त्यांनी फळ्याची कड चाचपली, विती टाकल्या आणि आडवा अक्ष ओढला. तो सरळ 'नाचता येईना अंगण वाकडे' मधून गेला. उभा अक्ष सोनूबाईच्या हातातल्या कथलाच्या वाळ्याला छेदून खाली उतरला. पुढच्या बाकावरचा एक मुलगा डस्टर घेऊन उठला. प्रतीक्षाने त्याच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं. ती नुसती मान हलवत होती. कोणी हसलं नाही. मी दारात उभी होते, माझ्याने आत जाववलं नाही.

सरांनी गुलाबी खडूने एक बिंदू काढला, मग दुसरा, आणि दोन्हींना जोडणारी रेघ. रेघ इतकी सरळ होती की माझ्या सगळ्या म्हणी वाकड्या दिसायला लागल्या. हात झटकून ते वर्गाकडे वळले.

"मागच्या बाकांना दिसतंय का?"

"दिसतंय, सर," सगळा वर्ग म्हणाला.

"स्वच्छ?"

"एकदम स्वच्छ, सर."

"मग उतरून घ्या," सर म्हणाले, आणि मुलं माना खाली घालून लिहायला लागली.